मितवाणी

मितवाणीच्या चाचणीला दीड वर्ष पूर्ण झालं, त्या सकाळी बाणेरच्या कार्यालयात प्रकल्पप्रमुख देवयानी दातारांनी पडद्यावर एक आलेख लावला. त्यावर नाव नव्हतं, नंबर नव्हता. वर फक्त ‘आदर्श लाइन’ असं लिहिलं होतं. रोज संध्याकाळी सात चाळीसला लागणारा कॉल, सरासरी सव्वीस मिनिटांचा. एक टोक पुण्यात, दुसरं भंडारा जिल्ह्यात.

“दुसऱ्या टोकाकडून प्रत्यक्ष किती आवाज हवेतून येतो, सांगा बघू,” देवयानी म्हणाल्या.

“वीस टक्के?” मागून कुणीतरी म्हणालं.

“दोन. आणि तक्रार एकही नाही. दीड वर्षात कॉल एकदाही मध्येच तोडलेला नाही.”

टाळ्या वाजल्या. करुणा नाकाडेनंही वाजवल्या. मग तिचे हात थांबले. रोज सात चाळीसला ती लाखांदूरला बाबांना फोन करत असे.

मितवाणीची मूळ कल्पना करुणाचीच होती. पाच वर्षांपूर्वी राज्यातल्या शहरांवरची हवा अक्षरशः भरून गेली होती. विजेचे मीटर, शेतातले पंप, चष्मे, औषधांच्या डब्या, गुरांच्या गळ्यातल्या पट्ट्या, सगळं बिनतारी बोलत होतं. बिनतारीत एका वेळी एका वाटेवर एकानंच बोलायचं असतं. आधी कान देऊन पाहायचं की कुणी बोलतंय का, मग थोडं थांबायचं, मग समोरच्याचं यंत्र जुळावं म्हणून एक ठरावीक सूर धरायचा, मग कुणाकडून कुणाला ते सांगायचं, मग मजकूर. मजकूर पोचला की समोरच्यानं ‘पोचला’ असं कळवायचं, त्यासाठी पुन्हा तेवढंच सगळं. मजकूर मोठा असेल तर हा खर्च जाणवत नाही. छोटा असेल तर चार शब्दांच्या चिठ्ठीवर पानभर पत्ता लिहिल्यासारखं होतं. करुणानं मोजलं तेव्हा हवेतल्या शंभर क्षणांपैकी एकसष्ट क्षण नुसत्या पत्त्यांत आणि पोचपावत्यांत जात होते.

यंत्रांच्या बाबतीत उपाय सोपा होता. पंपाचे वीस निरोप साठवून एका पाकिटात घालायचे, विसांना मिळून एकच पत्ता. पंपाला थांबण्याचं काही वाटत नाही. माणसांचं बोलणं मात्र साठवता येत नाही, अर्धा सेकंद उशीर झाला तरी दोघं एकाच वेळी बोलायला लागतात. तेव्हा करुणानं हजारो संभाषणं मोजली आणि तिच्या लक्षात आलं की माणसांच्या बोलण्यातही निम्म्याहून जास्त भाग पोचपावत्यांचाच असतो. हं. हो का. मग. अच्छा. जेवलीस का. जेवले. एवढ्याशा ‘हं’साठी अख्खं पाकीट जात होतं.

मितवाणी ते पाकीट पाठवतच नसे. दोन्ही फोनांत दोन्ही माणसांच्या बोलण्याचा एक साचा असे, सहा महिन्यांच्या संभाषणांवरून तयार झालेला. आता हा माणूस काय म्हणेल याचा अंदाज ऐकणाऱ्याचा फोन करी आणि त्याच माणसाच्या आवाजात ऐकवी. बोलणाऱ्याच्या फोनातही तोच साचा असल्यामुळे पलीकडे काय ऐकू जाणार हे त्याला आधीच माहीत असे. अंदाज बरोबर असेल तर तो गप्प राही. चुकला असेल तरच हवेतून दुरुस्ती पाठवी. किती चूक चालवून घ्यायची त्याला एक आकडा होता, सहनमर्यादा. खोकला, अडखळणं, नको तिथं आलेला थांबा, तोंडातून निसटलेला भलताच शब्द, हे सगळं सहनमर्यादेच्या आत धरायचं, हे करुणानं ठरवलं होतं. अटींच्या कागदात ‘संभाषणाची गुणवत्ता सुधारण्यासाठी’ असं एक वाक्य होतं. चार लाख लोकांनी त्यावर सही केली. बाबांच्या वतीनं करुणानंच केली.

दुपारी तिनं स्वतःच्या लाइनचे आकडे उघडले. तेवढं पाहण्याची कर्मचाऱ्यांना मुभा होती. बाबांच्या बाजूनं हवेतून येणारा आवाज पहिल्या महिन्यात शंभरात अडतीस होता. मग एकतीस. मग वीस, नऊ. गेले तीन महिने दोन. बहुतेक लाइनींना असा सरळ उतार नसे. माणसं हळूहळू ओळखीची होतात तशा त्या एका ठिकाणी येऊन स्थिर होत.

त्या संध्याकाळी तिनं बाबांकडून येणाऱ्या आवाजाचा आकडा समोर ठेवून फोन लावला.

“बोल बाई,” बाबांचा आवाज आला. भरदार, नेहमीचा. “काय करून राहिली?”

“काही नाही. आत्ताच आले. तुम्ही जेवलात?”

“जेवलो ना. वरण-भात, वांग्याची भाजी.”

आकडा शून्य होता.

“पाय कसा आहे?”

“पायाले काय धाड भरली. चालतो ना सकाळी.”

शून्य. करुणाच्या घरात दुसरं कुणी नव्हतं. लग्न मोडल्याला अकरा वर्षं झाली होती, आई जाऊन सहा. दिवसभरात कामाखेरीज ती ज्या एका माणसाशी बोले, त्याचा आवाज कानात होता आणि समोरचा आकडा म्हणत होता की तिकडून काहीही येत नाहीये.

“बाबा, मी येऊ का तिकडे?”

क्षणभर आकडा हलला, एकावर गेला, पुन्हा खाली आला.

“येऊ नको. काम कर आपलं,” आवाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागपूरच्या गाडीत बसली.

लाखांदूरला उतरेपर्यंत त्यापुढच्या दिवसाची दुपार झाली होती. बाबा ओसरीवर बाजेवर बसले होते. वाळले होते, पण दाढी केलेली होती, सदरा धुतलेला होता. तिला पाहून ते उठले, त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. ओठ हलत होते. कपाळावर शीर फुगली होती. खूप वेळानं एक शब्द आला.

“गाडी,” ते म्हणाले. मग मान हलवली, हा नव्हे, असं. पुन्हा प्रयत्न केला. “गाडी... क... करु...”

“करुणा,” ती म्हणाली.

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली आणि तिचा हात धरला.

शेजारच्या मेश्राम काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. दोन्ही वेळचा डबा त्याच देत असत. करुणाला त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं, तरी आज त्या तिच्याकडे नीट बघत नव्हत्या.

“कधीपासून आहे असं?” करुणानं विचारलं.

“दीड वर्ष झालं असंल. आधी एखादा शब्द अडे. मग वाढत गेलं. तुला तर माहीतच आहे.”

“मला माहीत नव्हतं, काकू.”

“रोज बोलते ना तू.” काकूंनी तांब्या खाली ठेवला. “मला वाईट वाटे, आता सांगते. दिवाळीच्या आधी मी इथंच होती, फोन मोठ्यानं लावला होता. ते ये, ये म्हणून राहिले होते. ये म्हणायले त्यायले किती वेळ लागला. आन तू म्हणाली, बरं बाबा, मग नाही येत, सुट्टी वाचवते. हे नुसते फोनकडे पाहत राहिले.”

करुणाला तो कॉल आठवत होता. तिच्या फोननं बाबांच्या आवाजात ऐकवलं होतं, येऊ नको, काम कर आपलं. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही आठवत होतं.

तिनं नागपूरला नेऊन तपासण्या केल्या. डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. मेंदूचा शब्द शोधणारा भाग हळूहळू झिजतोय, म्हणाल्या. समज शाबूत आहे. थांबवता येत नाही, पण सुरुवातीला रोज कुणी समोर बसून बोलतं केलं, धीर धरून ऐकलं, तर बरेच शब्द बरीच वर्षं टिकतात.

“घरी कुणाच्या लक्षात आलं नाही का? फोनवर तर लगेच कळतं हे,” त्यांनी विचारलं.

परत आल्यावर, एका दुपारी, बाबा स्वतःहून बोलले. भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीतल्या नाटक मंडळीत त्यांनी तीस हंगाम प्रॉम्प्टिंग केलं होतं, शाळेतली कारकुनी सांभाळून. विंगेत बसून दुसऱ्यांना शब्द पुरवणारा तो माणूस होता. आता एका वाक्याला त्याला पाच-पाच मिनिटं लागत होती.

“तुझा,” ते म्हणाले. थांबले. “तुझा हं. पाठ... केलेला होता.”

“कोणता हं, बाबा?”

त्यांनी बोटानं फोन दाखवला. “मी बोलो. तू हं करे. बरोबर... जागी. रोज... बरोबर जागी.” ते थांबले, श्वास घेतला. “नट... पाठ म्हणते... तसा. मले कळलं. ते तू नाही.”

“मग फोन का घेत होतात?”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पूर्ण विरला.

“मधात मधात... तू असे,” बाबा म्हणाले. “म्हणून.”

पुढे त्यांनी जे तुकड्या-तुकड्यानं सांगितलं त्याचा अर्थ असा होता. शब्द अडायला लागले तशी त्यांना लाज वाटू लागली. ते अडखळत आणि मुलगी काहीतरी भलतंच उत्तर देई, जणू त्यांनी दुसरंच काही म्हटलं होतं. तिला आपलं ऐकायचं नाही, असं त्यांनी धरून घेतलं. मग एकदा ते बोललेच नाहीत. तरी मुलगी बोलत राहिली, हसली, अच्छा बाबा म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून ते फोन बाजेवर ठेवून नुसते ऐकत. तिच्या कार्यालयातल्या गोष्टी, तिच्या गुडघ्याचं दुखणं, चहा पिताना होणारा तिचा आवाज.

करुणा उठून आत गेली आणि चुलीपाशी उभी राहिली. तीन महिने, रोज सव्वीस मिनिटं, ती एकटीच बोलत होती. आणि त्या सव्वीस मिनिटांनीच तिला दिवस निभावून नेल्यासारखं वाटत होतं. खोटं कळल्यावरही ते वाटणं खोटं ठरेना, हे तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी ती पुण्याला गेली. मितवाणी राज्यभर सुरू करायला बावीस दिवस उरले होते.

“बोलण्यातला थांबा जसाच्या तसा पाठवायला हवा, मॅडम,” ती देवयानींना म्हणाली. “अडखळणंसुद्धा. सहनमर्यादा खाली आणली तर कार्यक्षमता नऊ टक्क्यांनी उतरते, मी हिशोब केलाय.”

“नऊ टक्के म्हणजे पुण्याच्या रुग्णवाहिकांना लागते तेवढी हवेतली जागा,” देवयानी म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. करुणाची आई आजारी होती तेव्हा दवाखान्यात त्याच बसून राहिल्या होत्या. “तुझ्या वडिलांचं ऐकून मला खरंच वाईट वाटलं. त्यांची लाइन साधी करून घे, मी आत्ता सही देते.”

“असे तीन हजार एकशे बारा आहेत. एका बाजूचा आवाज उतरत उतरत पाचाच्या खाली गेलेला. मी निनावी आकड्यांवरून मोजले. त्यांच्या माणसांना कळवायला हवं.”

“कुणाला? नावं आपल्याकडे नाहीत, आणि असली तरी काय कळवणार? की तुमचा माणूस बोलत नाही? कदाचित त्यांचं इतकं जुळलेलं असेल की बोलावंच लागत नसेल.”

“कदाचित.”

“मग?”

सहनमर्यादेच्या आकड्यावर अखेरची सही करुणाची असे. गुरुवारी सकाळी प्रणालीची नेहमीची दुरुस्ती सगळ्या फोनांना जायची होती. तिनं तिच्यात एक ओळ घातली. एका बाजूचा खरा आवाज पाचाच्या खाली असेल तर फोननं अंदाज ऐकवू नये. तिकडे जे असेल ते जाऊ द्यावं. तिकडे शांतता असेल तर शांतता.

दुपारपर्यंत तक्रार कक्षात आठशे फोन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, लाइन बंद पडली आहे. माणसं कमी पडली म्हणून करुणाही हेडफोन लावून बसली.

“इचलकरंजीतनं बोलतोय. जिनदत्त मगदूम,” एक वयस्क आवाज म्हणाला. “आमच्या दादांचा फोन लागतोय, उचलला जातोय, पण आवाज येत नाही बघा. धनपाल मगदूम, हुबळीला असतात. कालपर्यंत चांगलं बोलत होते की ओ.”

दादांना सांधेदुखी होती, म्हणून तिसऱ्या घंटीला फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय केलेली होती. करुणानं दादांच्या बाजूचा आकडा पाहिला. आठ महिने शून्य.

“मगदूम काका, लाइन चांगली आहे,” ती म्हणाली. “तुम्ही हुबळीला जाऊन या.”

“का हो? काय झालंय?”

“मला माहीत नाही. पण जाऊन या. आजच.”

त्या दिवशी तिनं एकशे सहा जणांना हे सांगितलं. सहा वाजता देवयानी तिच्या टेबलाशी आल्या, तिचं ओळखपत्र उचललं आणि तिच्यासाठी रिक्षा बोलावली. दुरुस्ती त्याच संध्याकाळी मागे घेतली गेली. मितवाणी ठरल्या दिवशी राज्यभर सुरू झाली. सेटिंगमध्ये खूप आत ‘मूळ आवाज’ अशी, अंदाज बंद करणारी एक खूण त्यांनी ठेवली, तेवढं करुणाच्या पदरात पडलं.

ती लाखांदूरला राहायला आली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आठवड्याला तीन दिवस शिकवायचं काम मिळालं. उरलेल्या वेळात ती बाबांसमोर बसे, डॉक्टरांनी दिलेली चित्रं दाखवी. काही शब्द परत आले. बरेच आले नाहीत. कित्येक दिवस घरात दोघांचे मिळून वीस शब्दही होत नसत. पुण्याच्या कार्यालयातल्यांचे फोन आधी रोज येत, मग आठवड्यातून, मग थांबले. गावात तिच्या वयाचं ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. दुपारी पंख्याचा आवाज एवढा मोठा वाटे की ती उठून तो बंद करी आणि उकडायला लागलं की पुन्हा लावी.

मार्चमधल्या अशाच एका दुपारी तिचा फोन वाजला. आवाज तिनं लगेच ओळखला.

“मगदूम बोलतोय. इचलकरंजी. नंबर मिळवायला लई खटपट केली तुमचा.”

“बोला काका. दादा कसे आहेत?”

“चांगले आहेत. ठणठणीत. खिडकीत चार्जरला लावून फोन ठेवलेला होता, आठ महिन्यांपूर्वी. धूळ बसलेली त्यावर. मी दारात उभा. म्हणाले, कशाला आलास? जुनी गोष्ट आहे आमची, वाटणीतली. मला वाटलं होतं विसरले. रोज गोड बोलत होते फोनवर. मला वाटलं होतं, मिटलं.”

करुणा ओसरीच्या खांबाला टेकली. बाबा बाजेवर बसून तिच्याकडे पाहत होते.

“बायको गेल्यापास्नं तेवढंच होतं मला,” मगदूम म्हणाले. “सकाळी अर्धा तास. तुम्ही कशाला सांगितलंत हो? ते फोनमधले दादा मला पुरत होते.”

तिला सांगता आलं असतं की तिलाही फोनमधले बाबा पुरत होते. तिनं म्हणायला तोंड उघडलं आणि ते तिला फार सोपं वाटलं.

“माझं चुकलं असेल, काका,” ती म्हणाली. “मला माहीत नाही.”

“आता ती सोय परत चालू आहे म्हणतात. दादांचा नंबर लावला की पुन्हा बोलतील, तसेच. लावू का?”

“लावावासा वाटतो?”

“रोज वाटतो.”

“मग?”

“आज तुम्हाला लावला.”

त्यानंतर ते काही बोलले नाहीत. करुणानंही काही विचारलं नाही. तिच्या फोनवर मूळ आवाजाची खूण होती, त्यांच्याही असावी, कारण पलीकडून यंत्रमाग चालल्याची खडखड येत होती, मग भांडं पडल्याचा आवाज, मग एक श्वास, जरा घरघरणारा. फोन ठेवावा असं वाटण्याइतका वेळ गेला आणि त्याहून जास्त गेला.

बाबांनी बाजेवर हात आपटून तिचं लक्ष वेधलं. त्यांचे ओठ हलत होते. ती फोन कानाशी धरून थांबली.

“कोण... आहे?”

“ओळखीचे नाहीत, बाबा. इचलकरंजीचे आहेत.”

“काय... म्हणते?”

“काही नाही म्हणत.”

बाबांनी त्यावर विचार केला. मग पुढचे शब्द शोधायला लागले, आणि इकडे करुणा आणि तिकडे तो माणूस, दोघंही वाट पाहत राहिले.

“ठेवू नको,” बाबा म्हणाले. “असू दे त्याले.”